पार्टी जेन्युइन आहे

दोन टक्के हा आकडा ऐकायला अगदी गरीब वाटतो. महागाई भत्ता दोन टक्क्यांनी वाढला, तर घरात त्याची बातमीसुद्धा कुणी मोठ्यानं वाचत नाही. पण आमच्या कोथरूडच्या जुन्या फ्लॅटची किंमत 90 लाख धरून मी कॅल्क्युलेटरवर दलालीचे दोन टक्के काढले, तर 1,80,000 आले. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 32,400. हे सगळं कुणाला द्यायचं, तर पांढरा शर्ट घालून, दोन मोबाईल घेऊन आमच्याच घरात येणाऱ्या आणि हॉलमध्ये उभं राहून "हा हॉल आहे" असं सांगणाऱ्या माणसाला.

"हा हॉल आहे, हे मीसुद्धा सांगू शकतो," मी म्हणालो.

"तुम्ही तेवढं सांगून थांबणार नाही," ही म्हणाली. "बिल्डरनं तो कसा दीड फूट लहान दिला, तेही सांगाल."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. एजंटचं लायसन काढायचं हे माझं ठरलं होतं. बातमी ऐकून माझा मेहुणा मुद्दाम घरी आला. तो सीए असल्यामुळे कुठल्याही आनंदात त्याला त्रुटी सापडते.

"भाऊजी, स्वतःचं घर विकायला लायसन लागत नाही."

"माहीत आहे."

"शिवाय तुमचा फ्लॅट रीसेलचा. रेराची एजंट नोंदणी लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकायला. पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या घराशी तिचा संबंध नाही."

"तेही माहीत आहे. पण हे विकून आम्ही बाणेरच्या पलीकडे नवं घर घेणार आहोत. तिथं बिल्डर एजंटला दलाली देतो. एजंट मी, गिऱ्हाईक मी. इकडचे दोन टक्के वाचवायचे, तिकडचे दोन टक्के मिळवायचे."

"म्हणजे स्वतःच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायचे."

"मधे बिल्डरचा खिसा आहे," मी म्हणालो. यावर तो काही बोलला नाही. सीएला निरुत्तर करण्याचा तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

एकेकाळी दलाल व्हायला काहीही लागत नसे. पानाच्या टपरीवर तासन्‌तास उभं राहण्याची चिकाटी आणि "तिसऱ्या मजल्यावर एक आहे, पण कुणाला बोलू नका" एवढं एक वाक्य यावर माणसं दोन पिढ्यांचा संसार करून गेली. मग 1 मे 2017 पासून घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि एजंटांना नोंदणी आली. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा 10 जानेवारी 2023 च्या आदेशानं महारेरानं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणानं, सगळ्या एजंटांना चक्क अभ्यासाला बसवलं. आधी वीस तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र आणि मग नोंदणी. ज्या माणसाला आपण फोनवर "आत्ता मीटिंगमध्ये आहे" सांगून टाळत आलो, तो आपल्यापेक्षा जास्त शिकलेला निघण्याची सोय सरकारनं केली.

वर्गात माझ्या शेजारी पंचवीस वर्षं दलाली केलेले एक काका होते. अर्धा सिंहगड रोड आपण विकलाय असं ते सांगत, आणि त्यांच्या फोनची अवस्था पाहता ते खरं असावं. पुढच्या बाकावर दोन पोरं होती. त्यांच्यात मिळून पाच मोबाईल होते आणि एकही पेन नव्हतं. एक निवृत्त बँक अधिकारी होते, ते शिकवणाऱ्यांनाच मधूनमधून "करेक्ट" म्हणत.

सरांनी कार्पेट एरियापासून सुरुवात केली. घराच्या आतली वापरण्याजोगी जागा मोजायची; आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरायच्या, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही.

"आणि जिना?" काकांनी विचारलं.

"जिना कसा येईल? तो सगळ्या इमारतीचा असतो."

काका हळहळले. "सर, आम्ही आजवर जिनासुद्धा विकला. लिफ्ट विकली. एकदा तर वॉचमनची खोली चोवीस जणांना थोडी थोडी विकली."

पुढचे तास असेच दुःखात गेले. करारनामा नोंदवल्याशिवाय गिऱ्हाइकाकडून 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे कळल्यावर पुढच्या बाकावरच्या दोघांनी एकदमच फोन बाहेर काढले आणि कुणाकुणाला घाईघाईनं मेसेज पाठवले. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के बिल्डरनं वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पावर खर्च करायचे, हे ऐकून बँकवाले "करेक्ट" म्हणाले. नोंदणी न करता दलाली केली, तर दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असं सरांनी सांगितलं तेव्हा मात्र काका उठून उभे राहिले.

"सर, दिवसाला दहा हजार सुटत असते, तर मी इथं बसलो असतो का?"

परीक्षा आयबीपीएसनं घेतलेली, म्हणजे बँकेत लागण्यासाठी पोरं ज्यांच्या परीक्षा देतात, तेच हे. केंद्र शहराबाहेर होतं. रांगेत माझ्यामागे एक मुलगा उभा होता, तो दुसऱ्या कसल्याशा पेपरला आला असावा. माझे पांढरे केस बघून त्याचा जीव कळवळला.

"काका, क्लार्क की पीओ?"

"दलाल," मी म्हणालो. त्यानं मधलं अंतर थोडं वाढवलं.

पन्नास प्रश्न, एक तास, शंभरपैकी चाळीसला पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दलालीच्या परीक्षेत चुकीचं बोलण्याला शिक्षा नसावी, हे मला फार व्यवहार्य वाटलं. मी एकही प्रश्न सोडला नाही. जिथं काहीच सुचलं नाही तिथं "वरीलपैकी सर्व" या पर्यायाला शरण गेलो. शाळेपासून त्यानं मला कधी दगा दिलेला नाही. पास झालो. संध्याकाळी मी पेढे आणले, तर ही म्हणाली, "पोरगं पास झालं असतं तर एवढे आणले असते का?" पोरगं अमेरिकेत एमएस करतंय. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, आर यू ओके?"

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे संपलं असं नाही. नोंदणीचा अर्ज करायचा, वैयक्तिक एजंटची 10,000 रुपये फी भरायची, आणि धंद्यात वापरणार असलेलं लेटरहेड, पावती आणि रबरी शिक्क्याचा नमुनासुद्धा जोडायचा. लायसन आधी की धंदा आधी, हा घोळ सरकारनं असा सोडवलाय: शिक्का आधी. मी अप्पा बळवंत चौकात गेलो.

"धंद्याचं नाव?" शिक्केवाल्यानं विचारलं.

"धंदा तसा एकाच फ्लॅटचा आहे."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गोल शिक्का की चौकोनी?"

"फरक काय पडतो?"

"चौकोनी शिक्का लोक वाचतात. गोल शिक्क्याला घाबरतात."

मी गोल घेतला. नोंदणी पाच वर्षांची असते आणि तिचा क्रमांक धंद्याच्या मुख्य जागी ठळक दिसेल असा लावावा लागतो. माझ्या धंद्याची मुख्य जागा म्हणजे जेवणाचं टेबल. तिथल्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या खिळ्याला मी तो क्रमांक फ्रेम करून टांगला. दिनदर्शिका फ्रिजच्या मागे गेली, त्यामुळे त्या महिन्यात गॅसच्या नोंदीचा, दुधाच्या खाड्यांचा आणि एका चतुर्थीचा पत्ता लागला नाही. हिनं एकच अट घातली, "जेवायच्या वेळी ऑफिस बंद ठेवायचं."

सोसायटीत बातमी पसरायला लिफ्टचा एक फेरा पुरला. सेक्रेटरी त्याच रात्री आले. त्यांच्या मेहुणीला टू बीएचके हवा होता. स्वस्त, मोठा, पूर्वाभिमुख, मेट्रोला लागून, पण मेट्रोचा आवाज न येणारा.

"आणि तुमच्या दलालीचं काय ते..." ते उठताना म्हणाले.

मी संकोचानं "बघू हो" म्हणालो.

"नाही नाही, स्पष्ट असलेलं बरं," ते म्हणाले. "घरातलंच आहे, तेव्हा दलालीचा विषय नको."

आठवडाभरात माझ्याकडे नात्यागोत्यातली इतकी गिऱ्हाइकं जमली की खरा एजंट असतो तर मी बाणेरला बंगला घेतला असता. त्या सगळ्यांत मिळून माझी कमाई म्हणजे एका वाढदिवसाला मिळालेली पेनांची जोडी.

मग आमच्या फ्लॅटच्या विक्रीला हात घातला आणि माझ्यात फाळणी झाली. एक मालक-मी आणि एक एजंट-मी. मालक-मीनं जाहिरात लिहिली, "हवेशीर, भरपूर उजेड, शांत परिसर." एजंट-मीनं लाल पेन घेतलं. एजंटनं खोटी माहिती देऊन गिऱ्हाइकाची दिशाभूल करू नये, असं कायद्याचं कलम 10 सांगतं. परीक्षेत मी त्यावर बरोबर खूण केली होती. आणि आमच्या खिडकीखाली मंगल कार्यालय आहे.

"रीसेलला लागू नाही ना तो कायदा?" हिनं विचारलं.

"कलम लागू नाही. तत्त्व लागू आहे."

शेवटी तडजोड झाली. जाहिरातीत छापून आलं, "हवेशीर, भरपूर उजेड, मुहूर्त नसतील तेव्हा शांत."

त्यावर जे फोन आले, त्यातले बहुतेक एजंटांचेच होते.

"काका, ओनर का?"

"एजंट."

"आम्हाला ओनर हवेत."

"ओनरसुद्धा मीच."

"मग एजंट कोण?"

"मीच. नोंदणी क्रमांक सांगू?"

समोरून फोन ठेवला जाई. काही जण मात्र चिवट होते. "पार्टी एकदम जेन्युइन आहे, उद्या टोकन देते, फक्त आमच्या साईडचं एक टक्का बघा," असं ते म्हणत. मी चौकशी केली तेव्हा कळलं की एकच जेन्युइन पार्टी निरनिराळ्या एजंटांच्या फोनमध्ये एकाच वेळी उद्या टोकन देत होती.

खरी पार्टी आली ती रविवारी दुपारी. एक तरुण जोडपं, त्याचे आईवडील आणि वडिलांच्या हातात मोबाईलमधलं होकायंत्र. वडील कुणाशी काही न बोलता घरभर फिरले आणि स्वयंपाकघरात थबकले.

"गॅसची दिशा चुकलीये."

"एवढी वर्षं तिथंच शिजतंय," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्ही विकताय," ते म्हणाले.

सूनबाईंनी बाथरूममध्ये डोकावून नवऱ्याला सांगितलं, "या टाइल्स आधी काढायच्या." मग ती माझ्याकडे वळली आणि हसून म्हणाली, "कुणी निवडल्या असतील ना, काका?"

त्या मी निवडल्या होत्या. भवानी पेठेत ऐन मे महिन्यात दुकानं पालथी घालून. एखाद्या सराईत एजंटनं "अहो मॅडम, हातोडीच्या दोन फटक्यांचं काम!" म्हणून तिला पुढच्या खोलीत नेलं असतं. मी त्या टाइल्सच्या जाडीवर बोलायला लागलो. त्यानंतर मी बेडरूमच्या ओलीचं कारण सांगितलं, वरच्या मजल्यावरच्यांनी ते दुरुस्त करायला कसा नकार दिला ते सांगितलं, आणि बिल्डरनं हॉल दीड फूट लहान दिल्याचंही सांगितलं. स्वयंपाकघरातून हिनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

लग्न जमवताना मुलीच्या बापाला आणि मुलाच्या बापाला एकदम समोरासमोर बसवत नाहीत. एकाचं बोलणं दुसऱ्याकडे जाताना गाळून घेणारा कुणीतरी मधे लागतो. आमच्याकडे गाळणीच नव्हती. "किंमत जरा जास्त वाटते" हे वाक्य ते एजंटला ऐकवणार आणि एजंट मला येऊन "पार्टीला घर फार आवडलंय" म्हणून सांगणार, अशी ती व्यवस्था असते. इथं ते मूळ वाक्य गाळल्याशिवाय थेट मालकाच्या कानावर पडलं आणि मालकाचा चेहरा एजंटला आवरता आला नाही.

"ब्रोकर मधे नाही, म्हणजे तुमचे दोन टक्के वाचले," नवरा म्हणाला.

"वाचले."

"मग तेवढे किमतीतून कमी करा."

"तुमचेही दोन टक्के वाचलेच ना? मग तेवढे किमतीत वाढवा."

"आमचे वाचले ते आमचे, काका," तो अतिशय नम्रपणे म्हणाला.

ते गेले ते गेलेच. त्यानंतरही माणसं येत राहिली, मी सत्य सांगत राहिलो आणि घर आमचंच राहिलं. शेवटी एक दिवस एक एजंट पोरगा आपलं गिऱ्हाईक घेऊन आला. ही आधीच तयारीत होती. तिनं मला मंडईतून कोथिंबीर आणायला पाठवलं. घरापासून मंडई इतकी लांब आहे की कोथिंबिरीसाठी तिथं कुणी जात नाही, हे रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं. परत आलो तेव्हा 88 लाखांवर सौदा ठरला होता.

"त्यानं काय सांगितलं एवढं?" मी विचारलं.

"काहीच नाही. हॉलमध्ये उभा राहिला, 'हा हॉल आहे' म्हणाला आणि गप्प बसला."

त्या पोराकडे ना प्रमाणपत्र होतं, ना नोंदणी. रीसेलचं घर असल्यामुळे त्याला ती लागतही नव्हती. त्यानं दिनदर्शिकेच्या खिळ्यावरचा माझा क्रमांक आदरानं वाचला आणि म्हणाला, "अरे वा काका, तुम्ही लाइनमधलेच की! मग तुमच्याकडून एकच टक्का घेतो." 88,000 रुपयांच्या चेकवर सही करताना मी गोल शिक्काही मारणार होतो, पण हिनं तो उचलून ठेवला.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सर्व्हर कधी उभा होता, कधी बसलेला. यावर मराठीत पुरेसं लेखन झालेलं आहे. अंगठे उमटले, फोटो निघाले. माझा फोटो असा आलाय की त्यावरून कुणीही खरेदीखत रद्द करून घेईल.

उरली नव्या घराची बाजू. लायसनचा खरा उपयोग इथं होता. घर 1 कोटी 20 लाखांचं, प्रकल्प रेरात नोंदलेला आणि दलाली देणारा बिल्डर. मी हिला हिशेब समजावून सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "घर माझ्या एकटीच्या नावावर घ्या. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं."

एक टक्का म्हणजे 1,20,000 रुपये. ना वर्ग, ना परीक्षा, ना शिक्का. बाई असण्यापलीकडे तिनं यासाठी काहीही केलेलं नव्हतं. मी विषय बदलला आणि आम्ही दोघं साईट ऑफिसवर गेलो.

एजंटांना तिथं "चॅनल पार्टनर" म्हणतात आणि त्यांच्यासाठी वेगळं टेबल असतं. तिथं बसलेल्या मुलीला मी नोंदणी क्रमांक दिला. तिनं खरोखर उभं राहून मला पाणी दिलं. एवढ्या दिवसांत त्या क्रमांकाचा झालेला हा पहिला मान.

"क्लायंटचा मोबाईल नंबर सांगा, सर."

मी माझाच नंबर सांगितला.

"क्लायंटला ओटीपी गेलाय. त्यांना विचारून सांगा."

मी खिशातून फोन काढला आणि क्लायंटला विचारून ओटीपी सांगितला. तिनं तो टाकला आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

"सॉरी सर, हा क्लायंट आधीच दुसऱ्या पार्टनरच्या नावावर टॅग आहे."

"क्लायंट मी आहे."

"हो, पण तुम्हाला दुसऱ्यानं आणलंय."

"मला कुणीही आणलेलं नाही. मी रिक्षानं आलोय."

तिनं शांतपणे समजावलं. मागे कधीतरी मी एका वेबसाइटवर या प्रकल्पाचा भाव बघताना माझा नंबर दिला होता. तो एका एजंटकडे गेला आणि त्यानं त्याच दिवशी मला इथं नोंदवून टाकलं. टॅगची मुदत संपेपर्यंत मी त्याचा होतो. मी घर घेतलं तर दलाली त्याची.

"मग क्लायंट ही," मी हिच्याकडे बोट दाखवलं. "घर तिच्याच नावावर घ्यायचंय."

हिनं आपला नंबर सांगितला, जरा हळू आवाजात. मुलीनं तो टाकला.

"मॅडमही टॅग आहेत, सर. तिसऱ्याच पार्टनरकडे."

मी हिच्याकडे पाहिलं.

"मी फक्त भाव विचारला होता," ती म्हणाली. "तुमचा अभ्यास चालू होता तेव्हा."

आम्ही बाहेर येऊन सॅम्पल फ्लॅटच्या सावलीत उभे होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. मला टॅग केलेला एजंट बोलत होता. ऑफिसातून त्याला कळलं असावं. आवाज दुखावलेला होता.

"सर, आपण लाइनमधली माणसं. तुम्ही माझं गिऱ्हाईक पळवताय, हे बरं दिसतं का?"

"अहो, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे मीच..."

"तेच म्हणतो मी. आधी माझ्याकडे होतं ना ते? महिनाभर फॉलोअप केलाय. जरा खडूस आहे, फोन उचलत नाही, सारखा मीटिंगमध्ये असतो. पण पार्टी जेन्युइन आहे."

मला थोडं बरं वाटलं. मी गप्प बसलेला बघून तोही मवाळ झाला.

"जाऊ द्या सर, भांडण कशाला? अर्धं-अर्धं करू. फक्त एवढं करा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "आपलं हे क्लायंटला कळू देऊ नका."